फितीचं दुसरं टोक

हेल्लेविक गावातली निम्मी दारं हालग्रिम फोसेच्या हातची. फ्योर्डच्या चिंचोळ्या खाडीकाठच्या त्या ओल्या हवेत लाकूड कधी फुगतं, कधी आक्रसतं, पण हालग्रिमने बसवलेलं दार बाराही महिने एका बोटाने लागायचं. लोक तसं बोलून दाखवायचे, आणि लोक बोलतात हे हालग्रिमला ठाऊक होतं. स्वतःहून तो कधी फुशारकी मारत नसे. तिथे तशी रीतच नाही. पण कुणाकडे कॉफीला बसला की त्याचा हात आपसूक जवळच्या चौकटीवरून फिरायचा. काम दुसऱ्या कुणाचं निघालं की तो काही न बोलता हात काढून घ्यायचा, आणि तेवढ्यावरून घरच्यांना काय ते कळायचं.

त्याची बायको गुनवोर शिवणकाम करायची. लग्नाला, बारशाला आणि सतरा मेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला बायका भरतकाम केलेला जो लोकरी पोशाख घालतात, तो शिवून घ्यायला तीन गावांतून तिच्याकडे यायच्या. एकदा शिवलेला तो पोशाख जन्मभर वापरायचा असतो, म्हणून मापाला फार किंमत. गुनवोर एकदाच माप घ्यायची, आकडा वहीत उतरवायची, आणि पुन्हा अंगावर घालून बघायला कुणाला बोलवायची नाही. त्याची गरजच पडत नसे.

साठी ओलांडली तसं हालग्रिमला जवळचं अंधूक दिसायला लागलं. बर्गन शहरातल्या डॉक्टरने चष्मा दिला. तो त्याने ड्रॉवरमध्ये कागदपत्रांच्या खाली ठेवून दिला. सुताराला चष्मा लागला की लोक आपली दारं दुसऱ्याला सांगतात, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. ‘मी पंचवीस वर्षं चष्मा लावून शिवतेय, माझं कुणी काय वाकडं केलं?’ असं गुनवोर एक-दोनदा म्हणाली. मग तिने तो विषय सोडला.

१९८४ च्या हिवाळ्यात पलीकडच्या काठावरच्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं. हेल्लेविकची जुनी दहा वल्ह्यांची होडी पन्नास वर्षं त्याच्या गोठ्यामागच्या कोठारात पडून होती. गावात तिला ‘थोरली’ म्हणायचे. एके काळी रविवारी अख्खं गाव तिच्यातून चर्चला जायचं आणि हिवाळ्यात तिच्यावरच मासेमारी चालायची. पुढे रस्ता झाला आणि रस्त्याच्या कामात तिचं नौस्त पाडलं गेलं. नौस्त म्हणजे किनाऱ्यावरचं होडीचं घर. घर गेल्यावर होडी पलीकडे गेली. आता तो शेतकरी कोठार पाडणार होता. तुम्ही तिला छप्पर देत असाल तर घेऊन जा, नाहीतर मी सरपणाला तोडतो, असं त्याने लिहिलं होतं.

गावाने समिती नेमली. दुकानदार आर्नफिन अध्यक्ष झाला, आणि नौस्त हालग्रिमच बांधणार हे कुणी विचारायचीही गरज नव्हती.

फेब्रुवारीत हालग्रिम माप घ्यायला पलीकडे गेला. गुनवोरचं माहेर तिकडचं, तीही बहिणीला भेटायला म्हणून बरोबर निघाली. निघताना तिने त्याचा चष्मा ड्रॉवरमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. हालग्रिमने तो पाहिला, हातमोजे घातले आणि तो बाहेर पडला.

कोठारात अंधार होता. थोरली गवताच्या जुन्या यंत्रांमागे आडोशाला होती. एका कडेला गुनवोरने फितीचं शून्याचं टोक धरलं, दुसऱ्या कडेला हालग्रिम वाकला. आकडे त्याच्यापुढे मुंग्यांसारखे हलत होते. अंगठा दाबून ठेवून फीत दाराशी उजेडात नेली असती तरी भागलं असतं.

“नीट दिसतंय ना?” गुनवोरने पलीकडून विचारलं. “की मी येऊ तिकडे?”

“चाळीस वर्षं फीत वाचतोय मी,” हालग्रिम म्हणाला, आणि खिशातल्या पाइनच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं: रुंदी दोन मीटर तेहतीस.

मार्चमध्ये समिती किनाऱ्यावर जागा बघत हिंडली. तशा दोनच जागा होत्या. एक धक्क्याशेजारची सपाटी. ऐसपैस, पण नैर्ऋत्येचा वारा तिथे थेट अंगावर यायचा. दुसरी जागा गावाच्या टोकाला, दोन कातळांच्या मधली घळ. तिथे वारा शिरत नव्हता, भरतीची वाळलेली शेवाळाची रेघ बरीच खाली होती, आणि होडी ओढायला गोट्यांचा उतार आयता होता. हालग्रिमने घळीत उभं राहून दोन्ही बाजूंना हात पसरले. दोन मीटर तेहतीस, वर वावरायला तीस सेंटीमीटर, दोन्हीकडे दगडी भिंत. घळ जणू त्या आकड्यासाठीच फाटली होती.

थोरलीवर प्रत्यक्ष वल्हं मारलेला एकच माणूस गावात उरला होता, ब्याऐंशी वर्षांचा बर्टेल. तो काठी टेकत मागून आला, घळीत डोकावला आणि त्याने मान हलवली.

“थोरली इथे मावायची नाही,” तो म्हणाला. “मधल्या फळीवर आम्ही दोघं शेजारी बसायचो, आणि आमच्या मध्ये टपालाची पेटी असायची. आम्ही दोघंही तेव्हा काही बारीक नव्हतो.”

आर्नफिनने सुचवलं की पलीकडे फोन करून पुन्हा एकदा मोजून घ्यायला सांगावं. हालग्रिमला ते झोंबलं. पण तो हसत हसत बर्टेलला म्हणाला, “आठवणीतल्या होड्या वर्षागणिक रुंद होत जातात, बर्टेल. तुम्ही अजून दहा वर्षं जगलात तर धक्काही पुरायचा नाही.”

सगळे हसले. बर्टेल हसला नाही. त्याने काठी फिरवली आणि तो घरी गेला.

काम मात्र सुरेख झालं. एप्रिलपासून दर शनिवारी गाव श्रमदानाला यायचं. पुरुष दगड लावायचे, बायका टोपलीभर वाफल्स आणि तपकिरी चीज घेऊन यायच्या. भिंती कोरड्या दगडांच्या, सांधायला काही न वापरता. समोरच्या फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे वारा खेळता राहतो आणि होडी कुजत नाही. तळाला नुसती खडी. लाकडी जमीन केली की होडी वाळून तडकते. छपरावर भूर्जाची साल आणि तिच्यावर गवताची ढेकळं. हालग्रिमने दोन झडपांचं दार केलं, आणि ते तर पिसासारखं फिरायचं. जूनमध्ये तो रोज जाऊन एकदा ते उघडायचा आणि लावायचा.

जूनअखेरीला, सेंट हान्सच्या सणाच्या दुपारी थोरली आली. फळ्या फुगून सांधे मिटावेत म्हणून ती आठवडाभर पाण्यात ठेवली होती, आणि मासेमारीच्या बोटीमागे बांधून तिला आणलं. अख्खं गाव किनाऱ्यावर होतं. बायका ठेवणीतल्या पोशाखांत, बँडवाले घाम पुसत, रात्रीच्या होळीसाठी रचलेली लाकडं एका बाजूला. वीस माणसांनी दोर धरले. गोल ओंडक्यांवरून होडी सरसर वर चढली. हालग्रिमने स्वतः दोन्ही झडपा उघडून धरल्या होत्या.

आधी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आत गेली. मग होडीच्या दोन्ही कडा दाराच्या दोन्ही खांबांना एकदमच भिडल्या आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला.

“थोडं डावीकडे घ्या,” आर्नफिन म्हणाला. डावीकडे घ्यायला जागाच नव्हती. माणसांनी पुन्हा जोर लावला. खांबाची साल निघाली. बँड एकेक वाद्य करत थांबला.

“फुगलीय ती पाण्यात,” हालग्रिम म्हणाला.

“फुगून वीतभर?” पलीकडच्या शेतकऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टाही नव्हती.

आर्नफिनने फीत आणली आणि सगळ्यांसमोर होडीवर धरली. दोन मीटर त्र्याऐंशी. पाइनचा तुकडा नौस्तच्या आत खिळ्याला टांगला होता, तोही त्याने काढून आणला. “पन्नास सेंटीमीटरचा फरक आहे, हालग्रिम,” तो हळूच म्हणाला.

आठाचा आपण तीन वाचला, हे हालग्रिमला त्याच क्षणी लख्ख कळलं. कोठारातला अंधार, अंगठ्याखालची ती फीत, टेबलावरचा चष्मा, सगळं समोर आलं. दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि त्याचं तोंड त्याच्याआधी बोलून गेलं.

“दुसरं टोक गुनवोरच्या हातात होतं.”

गुनवोर बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो आर्नफिनकडे बघत होता.

“हो,” ती म्हणाली. “माझ्याच हातात होतं.”

मग लोक मोकळेपणी हसले. कुणाची तरी चूक सापडली होती आणि ती सुताराची नव्हती, म्हणून सणही मोडला नाही. ‘शून्य कुठल्या टोकाला असतं ते नव्याने शिकवायला हवं हिला,’ कुणीतरी म्हणालं. गुनवोरही थोडी हसली. थोरलीला धक्क्याजवळच्या सपाटीवर नेऊन तिच्यावर ताडपत्री टाकली.

घरी गेल्यावर ती काहीतरी बोलेल असं हालग्रिमला वाटलं. ती बोलली असती तर तोही काही बोलला असता. तिने बटाट्याचे गोळे उकडले, खारवलेलं मटण कापलं, त्याला वाढलं. ‘मीठ पुरे ना?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. दिवस लोटले तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी एका वाक्यात भागलं असतं. आठवड्याने त्यात आठवडाभर गप्प बसल्याचाही हिशेब द्यावा लागणार होता.

दुकानात लोक गुनवोरची थट्टा करायचे. ‘अर्धा किलो लोणी म्हणजे नक्की किती गं?’ ती उत्तरं द्यायची, हसवायची. हालग्रिम डब्यांच्या रांगेमागे उभा राहून ऐकायचा आणि काही न घेताच बाहेर पडायचा.

जुलैत खरी गोष्ट घडली. गावातल्या यूडितच्या मुलीचं, सोल्वीचं, पुढच्या वर्षी लग्न होतं. तिच्या पोशाखाचं कापड वसंतापासून गुनवोरकडे पडून होतं. एके सकाळी यूडित ते परत न्यायला आली. तुझ्यावर आधीच किती काम आहे, सोल्वीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या गावी एक जण शिवते, त्यांचाच आग्रह आहे, असं बरंच काही ती एका दमात म्हणाली. गुनवोरने कापड घडी घालून दिलं. हालग्रिम ओसरीत रंध्याच्या पात्याला धार लावत होता. यूडित जाताना त्याला म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नये हं तिने. पण लग्नाचं माप आहे.”

त्याचा हात थांबला. ‘तिने माप चुकवलेलं नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. यूडित फाटकापर्यंत गेली, फाटक लागलं, रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. त्याने पुन्हा पात्याला धार लावायला घेतली.

शिवणाच्या खोलीचं दार उघडं होतं. गुनवोर मापांची वही उघडून बसली होती. सोल्वीचं पान तिने फाडलं नाही. नुसती त्यावर एक बारीक रेघ मारली.

त्या संध्याकाळपासून हालग्रिम हातोडा आणि छिन्नी घेऊन घळीत जायला लागला. उजवीकडची भिंत त्याने उतरवली आणि मागचा कातळ फोडायला घेतला. दिवसाला मुठीएवढे दोन-चार कपचे निघायचे. तिकडे उन्हाळ्याच्या त्या दिवसांत अंधार असा पडतच नाही, त्यामुळे किती वाजले हेही कळायचं नाही. कातळ पुरेसा हटला, होडी आत गेली, की सांगावं लागणार नाही असं तो स्वतःला समजावत होता. गाव म्हणायचं, बायकोच्या चुकीपायी बिचारा हाडं झिजवतोय. तेही त्याच्या कानावर यायचं.

ऑगस्टमध्ये एकदा बर्टेल आला आणि दगडावर बसला.

“गेल्या नाताळला चर्चमध्ये तू माझ्या शेजारी होतास,” तो म्हणाला. “स्तोत्रांचं पुस्तक तुझ्या हातात उलटं होतं. गात मात्र बरोबर होतास.”

हालग्रिम छिन्नी मारत राहिला.

“आठ आणि तीन. मलाही सारखेच दिसतात. मी तर भिंगच वापरतो.”

“कुणाकुणाला माहीत आहे?” हालग्रिमने विचारलं.

“मला. आणि जिच्याबरोबर तू घरात राहतोस तिला. ती त्या दिवशी एवढंच म्हणाली असती की याने चष्मा घरी ठेवला होता, तर तू आज इथे खडी फोडत बसला नसतास.” बर्टेल उठला. “मला तू सगळ्यांदेखत हसलास, ते मी केव्हाच विसरलो. माझं काय, मी म्हातारा. पण तिचं पोट त्या मापावर आहे रे.”

सप्टेंबरमध्ये सभा भरली. कातळ सुरुंगाने उडवावा, की नौस्त उतरवून धक्क्याशेजारी नव्याने उभारावं, एवढाच प्रश्न होता. सुरुंग लावला तर वरच्या घराचं बटाट्याचं तळघर ढासळेल असं जाणत्यांनी सांगितलं. सभागृहात पन्नासेक माणसं होती. गुनवोर इतर बायकांबरोबर कॉफी वाढत होती.

हालग्रिम उभा राहिला. “ठरवण्याआधी एक सांगायचंय,” तो म्हणाला. “माप मी चुकवलं.”

आर्नफिन समजुतीने हसला. “बस रे. तिच्यावर बोल येऊ नये म्हणून म्हणतोयस, कळतंय आम्हाला.” पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, दोन-चार जणांनी साथ दिली. यूडित वळून गुनवोरला म्हणाली, “नवरा असावा तर असा. नशीब काढलंस.”

गुनवोर कॉफीचं भांडं धरून उभी होती.

आणि हालग्रिम बसायला लागला. पुढच्या आयुष्यात त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या गोष्टीची, किनाऱ्यावरच्या वाक्याचीसुद्धा तेवढी नव्हे. आपण खरं सांगितलंय, लोकांचा विश्वास बसत नाही त्याला आपण काय करणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि वर ती टाळीही गोड लागली. गुडघे वाकले, पाठ खुर्चीला टेकली. मग त्याची नजर गुनवोरच्या हातातल्या भांड्यावर गेली. भांड्याचं झाकण थरथरून वाजत होतं.

तो पुन्हा उठला, पुढे गेला आणि आर्नफिनसमोरची इतिवृत्ताची वही उचलली. “मागच्या सभेचं वाचतो,” तो म्हणाला. त्याने वही लांब धरली, मग जवळ आणली, मग दिव्याखाली नेली. तारीख चुकली. हजेरीचा आकडा अठ्ठेचाळीस होता, त्याने त्रेचाळीस वाचला. पुढच्या ओळीतला एक शब्द त्याने तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा सोडून दिला.

“पुरे, हालग्रिम,” आर्नफिन म्हणाला.

“पुरे नाही. चष्मा माझ्या घरी ड्रॉवरमध्ये आहे. निघताना हिने तो टेबलावर काढून ठेवला होता, तरी मी तो मुद्दाम सोडून गेलो. कोठारात ही म्हणाली, मी येऊ का तिकडे. मी नको म्हणालो. हिने शून्याचं टोक धरलं होतं आणि ते बरोबर धरलं होतं. आणि हे सगळं मला सेंट हान्सच्या दुपारीच माहीत होतं. मी हिचं नाव घेतलं तेव्हा माहीत होतं.”

या खेपेला कुणी टाळी वाजवली नाही. लोक आपापल्या कपात बघत राहिले. त्याने वही टेबलावर ठेवली आणि टोपी शोधायला लागला, पण ती त्याच्या खिशातच होती.

घरी येईपर्यंत गुनवोर एक पाऊल पुढे चालत होती. आत आल्यावर तिने कोट अडकवला आणि पाठमोरीच म्हणाली, “पन्नास माणसांना सांगितलंस. मला अजून सांगितलेलं नाहीस.”

“तुला माहीत होतं.”

“मला माहीत असणं वेगळं.”

मग त्याने तिला सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून, पहिल्यापासून. तेच शब्द सभागृहात निघाले होते, इथे निघेनात. शेवटी ती म्हणाली, “माप चुकलं त्याचा मला राग नाही. माणसाचं चुकतं. पण माझं नाव घेताना तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. एखादी वस्तू पुढे सरकवावी तसं सरकवलंस.”

नाताळापर्यंत तिचं अंथरूण शिवणाच्या खोलीत होतं. नंतर एके दिवशी ते पुन्हा जागेवर आलं. का आलं हे त्याने विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धक्क्याशेजारी नवं नौस्त उभं राहिलं, दार ईशान्येला करून. थोरली आत गेली तेव्हा बर्टेल तिच्या मधल्या फळीवर बसून होता. सोल्वीचं लग्न मात्र दुसरीकडे शिवलेल्या पोशाखातच झालं. नंतर यूडित आपली दुसरी मुलगी घेऊन गुनवोरकडे आली, वरमून, हातात केक घेऊन. गुनवोरने केक घेतला आणि माप एकदाच घेतलं. हालग्रिमकडे दारं येत राहिली, थोडी कमी. चष्मा आता नाकावरच असायचा. चौकटींवरून हात फिरवायची त्याची सवय गेली.

घळीतलं अरुंद नौस्त कुणी पाडलं नाही. त्याने भिंत पुन्हा रचून दिली, आणि तिथे लोक लहान होड्या ठेवायला लागले. त्याला नाव पडलं होतं ‘गुनवोरचं नौस्त’, पहिल्याच उन्हाळ्यात, थट्टेत. सभेनंतर सगळ्यांना खरं कळलं, तरी नाव बदललं नाही. ‘गुनवोरच्या नौस्तपाशी भेटू’ असं पोरंटोरंही म्हणायची आणि हालग्रिम प्रत्येक वेळी ऐकायचा.

तो एकोणऐंशी वर्षांचा असताना सरकारी कचेरीतून एक बाई आली. किनाऱ्यावरच्या जागांची नावं ती नकाशासाठी गोळा करत होती. ही गुनवोर कोण, तिने ते बांधलं का, असं तिने विचारलं. हालग्रिमने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. कोठार, चष्मा, किनाऱ्यावरचं वाक्य. सभेत टाळी ऐकून तो खाली बसला होता, तेही गाळलं नाही. इतक्या वर्षांनीही सांगताना त्याचे कान लाल झाले आणि मान खाली गेली.

बाईने पेन थांबवलं. मग या नावाचं काय करू, बदलून लिहू का, असं तिने विचारलं.

हालग्रिमने मान वर करून खिडकीशी बसलेल्या गुनवोरकडे पाहिलं. ती टाके मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, “राहू दे. बांधलंय चांगलं.”

बाईने तसंच लिहून घेतलं.